सुशोभीकरणाच्या आधीचे काम

पावसाळा जवळ आला की सांगलीत दोन आकडे घरोघर ऐकू येऊ लागतात. एक ४० आणि दुसरा ४५. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर गेली की धोका. १९२९ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलाने कितीतरी पूर पाहिले. पण २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये त्याने ५७ फुटांची मजल मारली आणि २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली, तेव्हा सांगलीकरांच्या बोलण्यातला सूर बदलला. पूर्वी पूर पाहायला लोक पुलावर जात. आता पुलावरचा आकडा कळला की ते गच्चीवर सामान चढवू लागतात.

या पुरांवर पुष्कळ बोलले गेले. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकचा आग्रह, त्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध, धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडावे याचा वाद, नंदकुमार वडनेरे समितीचा अभ्यास, पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या योजना, हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. ही चर्चा अनावश्यक आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एक साधा प्रश्न तिच्यात क्वचितच उपस्थित होतो. हे पाणी ज्या जमिनीवरून वाहत येते आणि ज्या जमिनीवर पसरते, त्या जमिनीचा सलग विचार करणे हे काम कोणाचे?

पाटबंधारे खाते नदीचे पात्र आणि धरणे पाहते. बांधकाम खाते रस्ते आणि पूल पाहते. नगररचना विभाग नकाशावर रंग भरतो. वास्तुविशारद आपल्याला मिळालेल्या प्लॉटच्या कुंपणापर्यंत पाहतो. वन खात्याची हद्द वनाबरोबर संपते. या सर्वांच्या मधली जमीन, म्हणजे ओढ्याचा काठ, टेकडीचा उतार, रस्त्याकडेचा वड, गावाची गायराने, नदीकाठची मळी, ही कोणाच्याच टेबलावर नसते. या मधल्या जमिनीचा विचार करणारा एक स्वतंत्र व्यवसाय जगात दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. त्याचे नाव लँडस्केप आर्किटेक्चर. मराठीत त्याला भूदृश्यरचना म्हणतात. पण हा शब्द अजून कागदावरच आहे. मी स्वतः याच व्यवसायात आहे, आणि बारावीच्या निकालानंतर आमच्या सांगलीकडचे पालक जेव्हा मला विचारतात, 'म्हणजे तुम्ही बागा करता ना?', तेव्हा या व्यवसायाची आपल्याकडील सारी स्थिती त्या एका प्रश्नात सामावलेली असते.

बागेपलीकडे

बागा आम्ही करतो, हे खरेच. पण एखादी जागा हाती आली की पहिले काही आठवडे आमच्या कागदावर एकही फूल नसते. जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या समपातळीच्या रेषा, पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, कुठे काळी माती आहे, कुठे मुरूम, कुठे दगड उघडा पडला आहे, कोणती झाडे आधीपासून उभी आहेत, वारा कोणत्या बाजूने येतो, माणसे आणि गुरे कोणत्या वाटेने जातात, हे सर्व आधी मांडावे लागते. इयान मॅकहार्ग या स्कॉटिश वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक लिहून या पद्धतीला शिस्त दिली. माती, पाणी, उतार, झाडी, वस्ती यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवायचे आणि मग पाहायचे की कुठे बांधलेले चालेल आणि कुठे हातही लावू नये. आज हेच काम संगणक करतो, तत्त्व मात्र तेच आहे. जमीन आधी, रेखाटन नंतर.

या व्यवसायाचा जन्मही फुलांच्या हौसेतून झालेला नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ साली केला, तो खडकाळ आणि दलदलीच्या जमिनीवर. पुढे १८८० च्या सुमारास ओल्मस्टेडने बॉस्टन शहरात 'बॅक बे फेन्स' नावाचा परिसर घडवला. लोक आज तिथे फिरायला जातात. परंतु मूळ दुखणे सांडपाण्याच्या दुर्गंधीचे आणि भरतीच्या पाण्याने येणाऱ्या पुराचे होते. ज्या सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे कृष्णेत मिसळत आले, तिथल्या वाचकाला ही हकिकत परकी वाटू नये. घाण आणि पूर यांवर उपाय शोधताना या व्यवसायाचे पाळणे हलले, हे आपण विसरलो आणि कारंजे तेवढे लक्षात ठेवले.

आपल्या मातीतले पूर्वज

हे सारे पाश्चात्यांचे, असेही कोणी समजू नये. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जमीन ओळखून बांधणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. त्यांच्या नावापुढे पदवी नव्हती इतकेच.

साताऱ्याजवळ लिंब गावाला बारा मोटांची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या वेळी वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. सुमारे ११० फूट खोली, ५० फूट व्यास. नाव बारा मोटांचे, पण एकाच वेळी पंधरा मोटा चालतील अशी सोय. विहिरीवरच छोटा महाल, खाली थंडावा आणि भोवतीच्या आमरायांना पाणी. शेती, पाणी, सावली आणि विसावा यांचा एकत्र विचार याहून नेमका कोणता असेल? साताऱ्यात यवतेश्वरच्या डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणून शहरातील हौद आणि तळी भरली जात. कासच्या तलावाचे पाणीही शहराकडे आले ते डोंगराच्या उताराचा फायदा घेऊन. ज्यांनी हे केले त्यांना डोंगराचा उतार वाचता येत होता.

वाईला जा. १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी कृष्णेच्या घाटावर महागणपतीचे, लोकांच्या भाषेत ढोल्या गणपतीचे, देऊळ बांधले. देवळाची मागची बाजू माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. बांधणाऱ्याने पाणी अडवण्याचा हट्ट धरला नाही; पाणी येणार हे गृहीत धरून त्याला वाट दिली. घाटाच्या पायऱ्यांमागेही तोच विचार आहे. उन्हाळ्यात नदी खाली उतरली तर माणूस खाली उतरतो, पावसाळ्यात नदी वर आली तर माणूस वर सरकतो. आज आपण नदीकाठी सरळ उभी भिंत बांधतो आणि तिला विकास म्हणतो.

सांगलीजवळ हरिपूरला, जिथे कृष्णा आणि वारणा भेटतात, हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेले हे खड्डे. तिथली माती अशी की आत भरलेली हळद वर्षानुवर्षे टिकावी. सांगलीच्या हळद बाजाराचा पाया या मातीच्या ओळखीवर उभा राहिला. २००५ च्या पुराने त्यातील कितीतरी पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली जमीन पाण्याखाली का जाऊ लागली, हा प्रश्न खरे तर तेव्हाच विचारायला हवा होता.

आणि अगदी अलीकडचा पूर्वज म्हणजे सागरेश्वर. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरील उघड्याबोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडे वाढवली, हरणे आणवली. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे हे मानवनिर्मित अरण्य आहे. मोहिते कोणत्याही महाविद्यालयात भूदृश्यरचना शिकलेले नव्हते. पण उजाड डोंगराचे पंचवीस-तीस वर्षांनंतरचे रूप आज डोळ्यांसमोर आणणे आणि त्या रूपाकडे हळूहळू चालत राहणे, हेच तर आमच्या शास्त्राचे मर्म.

'सुशोभीकरण' नावाचा शत्रू

मग अडले कुठे? माझ्या मते एका शब्दात अडले. तो शब्द म्हणजे सुशोभीकरण. आपल्या नगरपालिका आणि महापालिकांच्या अंदाजपत्रकांत जमिनीच्या विचाराला जागा असते ती बहुधा या मथळ्याखाली. आधी नाला काँक्रीटने बांधायचा, रस्ता रुंद करायचा, तळ्याचा काठ दगडाने बंदिस्त करायचा, आणि सर्व झाल्यावर जो निधी उरेल त्यातून पेव्हर ब्लॉक, कारंजे, रंगीत दिवे, विदेशी पाम आणि 'आय लव्ह' अशी अक्षरे. भूदृश्यरचनाकाराला बोलावले तरी ते या शेवटच्या टप्प्यावर.

कृष्णाकाठच्याच एका नगरपालिकेने काही वर्षांपूर्वी मला असे बोलावले होते. ओढ्याच्या दोन्ही काठांना भिंती घालून झाल्या होत्या, काठावरची करंज आणि उंबराची झाडे गेली होती, भिंतीच्या कडेने जॉगिंग ट्रॅकही आखला होता. अभियंता सज्जन होते. म्हणाले, 'मॅडम, आता फक्त झाडे कुठली लावायची तेवढे सांगा.' मी विचारले, वरच्या शेतांचे पाणी पूर्वी ओढ्यात येत होते, ते आता भिंत ओलांडून कसे येणार? त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला. नकाशात ओढा होता, शेते नव्हती. त्या पावसाळ्यात ओढ्यात पाणी बेताचे राहिले आणि भिंतीमागच्या वस्तीत गुडघाभर साचले. यात त्या अभियंत्याला दोष देऊन काय उपयोग? त्यांच्याकडे काम आले होते ओढ्याचे. शेते, उतार आणि वस्ती यांचे काम कोणाकडेच आले नव्हते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली तर काय होते, याची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि फुले पाहायला गर्दी लोटली. गर्दी आवरण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण आले. पण पठार म्हणजे उद्यान नव्हे. कातळावरच्या चार बोटे मातीत, पावसाळ्याच्या त्या थोड्या महिन्यांत, तेरडा, सीतेची आसवे, वायतुरा यांचा संसार चालतो आणि त्या संसारात गावच्या गुरांच्या चरण्याचाही वाटा होता. कुंपणाने गुरे थांबली, गवत माजले, फुले कमी दिसू लागली, असे गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले आणि काही वर्षांनी तेच कुंपण काढण्याची वेळ आली. दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी हे उपाय योग्य दिशेचे होते. परंतु माणसे किती यावीत यापूर्वी ती कुठून चालावीत, वाहने किती दूर थांबावीत, कोणत्या कातळावर पाऊल पडले तरी चालते आणि कोणत्या ओलसर खळग्यात पडता कामा नये, हे आधी नकाशावर मांडले असते, तर जाळीवर आणि ती काढण्यावर झालेला खर्च वाचला असता.

दुसरे उदाहरण मिरज तालुक्यातील भोसे गावचे. २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तिथला सुमारे ४०० वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड तोडला जाणार होता. गावकरी आणि पर्यावरणप्रेमी रस्त्यावर उतरले, मुंबई-दिल्लीपर्यंत पत्रे गेली, आणि अखेर रस्त्याच्या आखणीत बदल करण्यात आला. लोकांनी वडासाठी उभे राहावे ही अभिमानाची गोष्ट आहे. पण एवढा विस्तीर्ण वड मोजणी करणाऱ्यांना आधी दिसला नसेल काय? दिसला असणारच. फक्त त्यांच्या कागदावर त्याची नोंद 'अडथळा' अशी झाली. भूदृश्यरचनाकाराच्या कागदावर तो पहिला स्थिर बिंदू असता आणि रस्ता त्याला वळसा घालून जन्माला आला असता. आंदोलनावर वाचवावे लागणारे झाड हे नियोजनातील त्रुटीचे चिन्ह असते.

पाण्याला जागा

या पार्श्वभूमीवर पुन्हा सांगलीच्या पुराकडे येऊ. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सह्याद्रीवर जो पाऊस कोसळला, तो पाहता कोणत्याही शास्त्राने पूर पूर्ण थांबला नसता. नदी तिच्या मळीत पसरणारच. प्रश्न आहे तो तिच्या मळीत त्या दिवशी कोण राहत होते हा. महाराष्ट्रात पूररेषांचे नियम आहेत. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. कागदावर हे स्पष्ट आहे. तरीही सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावे दर पुरात प्रथम ऐकू येतात. तिथे राहणाऱ्यांनी हौसेने नदीकाठ निवडलेला नाही. शहरातली परवडणारी जागा त्यांना तिथेच मिळाली. शामरावनगरला तर नदी दूर असूनही काळ्या मातीच्या सखल जागेत पाणी साचून राहते. जिथे पाणी राहायचे तिथे माणसे राहिली, म्हणून माणसे राहायची तिथे पाणी येऊ लागले.

नेदरलँड्समध्ये १९९५ साली नद्यांना इतका पूर आला की सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. बांध बांधण्यात त्या देशाचा हात कोण धरील? तरीही त्यांनी निष्कर्ष काढला की बांध आणखी उंच करण्यापेक्षा नदीला जागा द्यावी. 'नदीसाठी जागा' अशाच नावाचा कार्यक्रम तीसहून अधिक ठिकाणी राबवला गेला. नाइमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे नेला, नदीसाठी नवा प्रवाह खोदला आणि मधल्या बेटावर लोकांना फिरायला, पोहायला जागा केली. काही घरे हलवावी लागली, त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणी झाली. या कामात जलअभियंत्यांच्या शेजारी भूदृश्यरचनाकार पहिल्या दिवसापासून बसले होते. चीनमध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोंगजियान यू या भूदृश्यरचनाकाराने शहर स्पंजासारखे असावे, पाऊस शोषून घ्यावा आणि हळूहळू सोडावा, ही कल्पना इतक्या चिकाटीने मांडली की तेथील सरकारने ती राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली. २०२५ साली ब्राझीलमध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. काँक्रीटच्या भिंतींऐवजी झाडांचे काठ, ही त्यांची शिकवण गावच्या ओढ्यातूनच आलेली होती.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव आणि माण तालुक्यांकडे पाहावे. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळवला. २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडीने. शेतकरी, गृहिणी, शाळकरी मुले थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात उतार मोजायला शिकली आणि त्यांनी समतल चर खणले. ज्या पद्धतीला आम्ही महाविद्यालयात दोन वर्षे देतो, तिचा गाभा गावाने श्रमदानातून आत्मसात केला. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी आज आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या बाजूला पोहोचले आहे आणि तिथली माळराने डोळ्यांदेखत बदलत आहेत. पाणी आल्यानंतरच्या त्या नव्या भूमीचा आराखडा कोण करणार? की तिथेही सर्व झाल्यावर सुशोभीकरण?

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे. मुलामुलींनी या व्यवसायात यावे काय?

वाट अशी आहे. बारावीला गणित आणि विज्ञान, मग नाटा ही अभियोग्यता परीक्षा, पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे भूदृश्यरचनेतील पदव्युत्तर शिक्षण. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या नामांकित संस्था. अहमदाबादेत या विषयाचा पाया घालणाऱ्यांत प्रभाकर भागवत यांचे नाव आदराने घेतले जाते. सात वर्षे म्हणजे कमी नव्हेत, आणि सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रातल्या भावंडाच्या पगाराशी तुलना करण्याजोगा नसतो, हे मी स्पष्ट सांगते. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने 'आर्किटेक्ट' या उपाधीला संरक्षण दिले. भूदृश्यरचनेसाठी वेगळा कायदा किंवा वेगळी नोंदणी नाही. त्यामुळे रोपवाटिका चालवणारा कंत्राटदारही आपल्या पाटीवर 'लँडस्केप' लिहू शकतो आणि लिहितो.

ज्याला चित्र काढायला आवडते पण उन्हात चालायला आवडत नाही, त्याने येऊ नये. आपले काम लगेच दिसावे अशी ज्याची घाई आहे, त्यानेही येऊ नये. अर्जुन, जांभूळ, करंज यांची रोपे नदीकाठी लावली तर आपली चूक की बरोबर हे कळायला वीस वर्षे लागतात. मात्र ज्या मुलीला झाडांची नावे ठाऊक असतात, जी पावसात ओढ्याचे पाणी कुठून आले हे पाहायला धावते, जिला माणसांशी बोलायचा कंटाळा नाही, तिला या व्यवसायात आयुष्यभराचे समाधान आहे. या क्षेत्रात मुली मोठ्या संख्येने आहेत आणि उत्तम काम करीत आहेत, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

अडचण पुढे आहे. शिकून बाहेर पडलेली ही मुले जातात कुठे? पुणे, मुंबई, बंगळूर. तिथल्या गृहसंकुलांत पार्किंगच्या स्लॅबवर तीन-चार फूट माती टाकून आम्ही बागा करतो. माझ्याही कामाचा मोठा भाग तोच आहे. त्या बागांत संध्याकाळी म्हातारी माणसे बसतात, मुले खेळतात. ते काम हलके नाही. पण ज्या खोऱ्यात महाबळेश्वरच्या धुवांधार पावसापासून जतच्या दुष्काळापर्यंत सारे काही शंभर-दोनशे किलोमीटरांत आहे, त्या खोऱ्यात या शिक्षणाला काम मिळू नये, ही उधळपट्टी आहे. सांगली-साताऱ्याची मुले जमीन वाचायला शिकतात आणि जिथे खरी जमीन उरलेली नाही तिथे जाऊन नोकरी करतात.

यावर उपाय म्हणून एखादी भव्य योजना जाहीर करण्याची आवश्यकता नाही. नदीकाठ, ओढा, तळे, टेकडी किंवा मोठी झाडे यांना स्पर्श करणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या अंदाजपत्रकापूर्वी माती, उतार, पाणी आणि झाडी यांचा नकाशा जोडणे बंधनकारक करावे. तो नकाशा तयार करण्याचे शुल्क सुशोभीकरणातून न काढता कामाच्या पहिल्या टप्प्यात धरावे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आणि दोन्ही जिल्ह्यांच्या नगररचना कार्यालयांत या विषयाचा किमान एक पदवीधर असावा. उद्यान अधीक्षकाच्या पदाला कृषीची पदवी लागते तशीच या पदाला ही पदवी लागावी. सांगलीत आप्पासाहेब बिरनाळे वास्तुकला महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांकडून प्रभागवार ओढ्यांचे आणि जुन्या झाडांचे नकाशे करवून घेता येतील. निळी आणि लाल रेषा केवळ कार्यालयातील कागदावर न ठेवता चौकाचौकांतील खांबांवर रंगवावी, म्हणजे घर घेणाऱ्या माणसाला ती दलालाच्या आधी दिसेल.

छोट्या पालिकांना हे परवडेल काय, असे कोणी विचारील. कुंपण घालून काढणे, भिंत बांधून फोडणे, रस्ता आखून पुन्हा आखणे आणि दर पुरानंतर पंचनामे करणे हे आपल्याला परवडत आलेच आहे. त्या मानाने एका जाणत्या माणसाने महिनाभर जमीन चालून काढलेला नकाशा स्वस्तच पडेल.

मुलांनी कोणता व्यवसाय निवडावा हे सल्ल्याने फारसे ठरत नाही. जिथे काम दिसते तिथे मुले जातात. साखर कारखाने आले तेव्हा या भागातील मुले साखर तंत्रज्ञान शिकली. द्राक्षबागा वाढल्या तेव्हा कृषी पदवीधरांना गावात मान मिळाला. जमिनीचा विचार करणाऱ्याला आपल्या पालिका, आपल्या ग्रामपंचायती आणि आपण स्वतः कामाच्या पहिल्या दिवशी बोलावू लागलो, तर ही मुलेही परत येतील. पुढच्या निवडणुकीत प्रभागातील उमेदवार दारात येईल आणि ओढ्याच्या सुशोभीकरणाचे आश्वासन देईल. त्याला एवढेच विचारावे की ओढ्याचे पाणी कुठून येते ते दाखवणारा नकाशा त्याच्याकडे आहे काय.